बाबा मलेशियाला जाऊन आले

आसगाव सोडलं त्या सकाळी माझा पासपोर्ट माझ्या हातात नव्हता. तो देवघरासमोर पाटावर होता आणि बाबा कुंकवाच्या वाटीत बोट बुडवत होते. दारात गाडी उभी, आई डब्यावर डबा रचते आहे, शेजारच्या बाया डोळे पुसायला आधीच येऊन बसलेल्या. मी चपलांसकट आत धावले आणि बाबांच्या बोटाखालून पासपोर्ट ओढून घेतला. "बाबा, सरकारी कागद आहे तो! ट्रॅक्टर आहे का?" असं काहीतरी सगळ्यांदेखत ओरडले. बाबा खजील झाले. "नवी वस्तू हाय, पूजा नोको का?" एवढंच म्हणाले आणि ते भरलेलं बोट माझ्या बॅगेच्या चेनजवळ टेकवलं. नागपूरच्या विमानतळापर्यंत ते गाडीत पुढे बसले होते. एकदाही मागे वळून बोलले नाहीत.

आमच्या घरात नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरात येत नाही. फवारणीचा पंप, धान मळायची मशीन, आईचा मिक्सर, सगळ्यांना हळद, कुंकू, अक्षता. पहिला मोबाइल घेतला तेव्हा चार्जिंगच्या भोकात तांदळाचा दाणा गेला आणि तो काढायला तालुक्याला, पवनीला दुकानात न्यावा लागला. दुकानदार हसला. बाबा नाही हसले.

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे उडून गेलात, तुम्हा दोघांसाठीही हे लिहिते आहे. दोघांनाही यातलं अर्धं पटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मी इथे मलेशियात, क्लांगच्या बंदरावर काम करते. कोणता कंटेनर कोणत्या जहाजावर कधी चढणार, याचं वेळापत्रक लावायचं. ज्या मुलीनं पंचविसाव्या वर्षापर्यंत नदीतल्या डोंग्याहून मोठं काही पाण्यावर पाहिलं नव्हतं, तिनं. आल्यावर अडीच वर्षांनी मी सेल्वमशी लग्न केलं. तो बंदरावरची क्रेन चालवतो. त्याचे पणजोबा तामिळनाडूतून इथल्या रबराच्या मळ्यात राबायला आले आणि परत गेलेच नाहीत. आम्ही सरकारी कचेरीत सह्या केल्या आणि मग मी घरी फोन लावला. हो, आधी नाही, मग. ती माझी चूक होती आणि ती मी आजही झाकत नाही. बाबा म्हणाले, "ठीक हाय." फोन आईकडे दिला. त्यानंतर सहा वर्षं ते फोनवर आले नाहीत.

दर रविवारी मी विचारायची, बाबा कुठे आहेत? आई सांगायची, "वावरात गेले." भर पावसात वावरात, आजारी असताना वावरात, दिवाळीच्या दिवशीही वावरात. एकदा तर त्यांचा खोकला मला मागे स्पष्ट ऐकू येत होता आणि आई म्हणत होती, "आत्ताच गेले व." मी विषय बदलला. आईला आणखी किती खोटं बोलायला लावायचं?

पण गावाला काहीतरी उत्तर द्यावं लागतंच. आमच्याकडे लोक दारातून जाताजाता विचारतात. "काहून जी, पोरीकडं गेले नाही का अजून?" यावर बाबांनी एक पक्कं उत्तर तयार करून ठेवलं होतं. "जाचं हाय न. पन व्हिसाचं लय लफडं हाय तिकडचं." लोक माना हलवायचे. व्हिसा म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. आणि खरी गंमत अशी की इकडे माझी सासू विचारायची, तुझे आईवडील कधी येणार, तर मीही तेच सांगायची. व्हिसाची अडचण आहे, अम्मा. त्या बिचाऱ्या व्हिसासाठी कोणी कधी अर्जच केला नव्हता. सहा वर्षं तो दोन देशांत आमची अब्रू सांभाळत होता.

आणि मग मलेशियानं भारतीयांसाठी व्हिसाच काढून टाकला.

ऑफिसात जेवताना मी ते मोबाइलवर वाचलं. पर्यटनाला या, तीस दिवस राहा, व्हिसा नको. माझ्या शेजारी बसलेल्या पंजाबी मुलीनं टाळी वाजवली आणि लगेच आईला फोन लावला. मी मात्र मोबाइल उलटा करून ठेवला. आनंद व्हायला हवा होता, मान्य. पण मला एकच दिसत होतं, की आता बाबा गावाला काय सांगणार? आता ते आले नाहीत, तर ते फक्त आले नाहीत. मधे कोणी उरलं नाही.

तिकडे त्यांना ही बातमी पवनीत चहाच्या टपरीवर कळली. कोणीतरी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "काकाजी, आता तं मलेशियाले व्हिसाच लागत नाही. जा बिनधास्त!" आई सांगते, ते चहा तसाच ठेवून घरी आले. तीन दिवस टपरीकडे फिरकलेच नाहीत. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता आईला म्हणाले, "पासपोर्ट कुठं भेटते?"

आईनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच सेल्वमला मोठ्यानं हाक मारली. सेल्वम धावत आला, त्याला वाटलं कोणी वारलं.

आई सोबत येणार नव्हती. गायी-म्हशींचं कारण सांगितलं, पण डोकं तिचंच होतं. "मी आली तं ते माह्याच मागं मागं राहतील. एकटे येऊ दे. मंग बोलाच लागन." आई शाळेत चौथीपर्यंत गेली आहे.

मी कामाला लागले. माझा तो स्वभावच आहे, घाबरले की याद्या करते. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा. परतीचं तिकीट हवं, ते मीच काढलं. राहण्याचा पत्ता हवा, तो दिला. येण्याआधी तीन दिवसांच्या आत आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, तो मी भरला. आईच्या मोबाइलवर मी रोज आवाजाचे निरोप पाठवायची. बाबा, बियाणं आणायचं नाही. बाबा, कामाला आलो असं गमतीतही म्हणायचं नाही, पोरीला भेटायला आलो म्हणायचं. बाबा, दहा दिवसांनी परत जाणार म्हणून सांगायचं. मोजले नाहीत, पण तीसेक नियम तरी सांगितले असतील. आई म्हणायची, ते सगळे ऐकतात, पुन्हा लावायला सांगतात.

एक नियम सांगायचा राहिला. जो सांगायला जगात मी एकटीच लायक होते, तोच.

गावानं त्यांना हार घालून पाठवलं. आसगावातून पोरीला भेटायला परदेशी निघालेला बाप म्हणून नारळ, शाल, फोटो, सगळं झालं. नागपूर, मुंबई आणि मग क्वालालंपूर. सकाळी नऊला विमान उतरलं. सेल्वमनं पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला होता आणि तीन मराठी वाक्यं पाठ केली होती. नमस्कार बाबा. प्रवास बरा झाला का. चला घरी. तो ती ओठांतल्या ओठांत म्हणत उभा होता. विमानातले लोक बाहेर आले. सगळे आले. त्यानंतरच्या विमानातलेही आले. दहा वाजले, साडेअकरा वाजले. मी जाऊन जाऊन काचेला नाक लावत होते.

पावणेबाराला सेल्वमचा मोबाइल वाजला. तो मलायमध्ये बोलत होता, हो, हो, मीच. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, आत एक गृहस्थ आहेत. मी त्यांचा जावई आहे असं ते सांगत आहेत.

त्या क्षणी मला बाकी काही विचारायचं सुचलंच नाही. मी त्यालाच पुन्हा विचारत राहिले, जावई म्हणाले? कोणता शब्द वापरला? तो म्हणाला, अधिकाऱ्यानं मलाय शब्द वापरला, पण तो जावईच.

मग बाकीचं कळलं, थोडं त्या अधिकाऱ्याकडून, बरंचसं नंतर आईकडून. निघायच्या पहाटे बाबांनी नव्या पासपोर्टची पूजा केली होती. यावेळी हातातून ओढून घ्यायला मी नव्हते. आतल्या एका कोऱ्या पानावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, त्यावर चार अक्षता, आणि मग पासपोर्ट मिटून प्लास्टिकच्या कव्हरात. निघताना शिक्का वेगळ्या पानावर बसला, कोणाच्या नजरेला आलं नाही. विमानात त्यांनी शेजारच्या प्रवाशाला कौतुकानं ते पान दाखवलं. तो नेहमी जाणारा-येणारा माणूस. तो म्हणाला, काका, हे काय केलंत, पासपोर्टवर काहीही लिहिलेलं चालत नाही. बाबा हबकले. संडासात गेले आणि ओल्या कागदानं ते कुंकू पुसायला लागले. तेल ते, निघतंय कसलं? घासता घासता पान फाटलं, आणि लाल पाणी फोटोच्या पानापर्यंत ओघळलं. इमिग्रेशनच्या खिडकीवरच्या माणसासमोर त्यांनी ठेवला तो फाटका, लाल, ओला पासपोर्ट. व्हिसा नाहीच, त्यामुळे दाखवायला जवळ तेवढं एकच होतं.

अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. खराब झालेल्या पासपोर्टवर आत घेत नाहीत, हा नियम सगळीकडेच आहे. त्यानं आवाजही चढवला नाही. एवढंच सांगितलं, की पुढच्या विमानानं परत जावं लागेल, आणि माझ्याशी दोन मिनिटं फोनवर बोलू दिलं.

सहा वर्षांनंतरचा बाबांचा पहिला शब्द माझं नाव होता.

"सुषमा, माह्या हातून चूक झाली व."

मी रडत होते, ते ऐकत होते. मग म्हणाले, "तू तं तवाच सांगतलं होतं. ट्रॅक्टर नाही म्हनून. मले वाटलं, इतक्या दूर जाऊन राहिलो, पूजा तं कराच लागन." मी म्हटलं, बाबा, काही खाल्लं का? ते म्हणाले, "खाल्लं. मानसं चांगले हायेत इथले. तू घरी जाय, उभी नोको राहू." आणि फोन गेला. आमच्यामध्ये एक भिंत आणि एक काच, एवढंच अंतर असेल. आसगावात आमच्या अंगणापासून गोठ्यापर्यंत असतं त्याहून कमी. आठ तास मी तिथेच बसून होते. त्यांचं विमान उडालं हे फलकावर दिसलं तेव्हा सेल्वमनं मला उठवलं. गाडीत बसल्यावर तो हळूच म्हणाला, चला घरी. पाठ केलेल्यातलं तेवढंच कामी आलं.

आता पुढचं ऐका, कारण खरा धक्का मला त्यानंतर बसला.

दोन दिवसांनी आईला फोन केला, बाबा पोचले का? आई दबक्या आवाजात म्हणाली, "ते आंबागडले हायेत, रंजनाकडं. इकडं आलेच नाही." रंजना आत्या बाबांची धाकटी बहीण. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, किल्ल्याच्या पायथ्याशी राहते. गावानं हार घालून दहा दिवसांसाठी पाठवलेला माणूस तिसऱ्या दिवशी परत कसा येणार? म्हणून बाबा नागपूरहून थेट आत्याकडे गेले आणि उरलेले दिवस तिथे काढून, ठरल्या तारखेला, बॅग घेऊन आसगावात उतरले.

लाज वाटली असेल, म्हटलं. पण मग महिन्याभरानं माझी शाळेतली मैत्रीण मंगला, जी गावातच दिली आहे, तिचा व्हिडिओ कॉल आला. "काय नशीब व तुहं! बाबानं सगळं सांगतलं. दारापुढंच समुद्र म्हने! गॅलरीत झुला, खिडकीत तुळस. न् जावई सकाळी उठून आधी सासऱ्याले चहा करून देते. आमच्या याले चहाची पत्ती कुठं असते थेबी मालूम नाही." आणखीही बरंच होतं. बाबांनी नेलेला आहेर, शर्टपीस आणि पँटपीस, जावयानं आठवड्यात शिवून अंगात घातला होता. शेजारची पिवळी मांजर बाबांच्या पायाशी येऊन बसत होती. सगळ्या गावाला तोंडपाठ होतं.

माझं डोकं फिरलं. खरं सांगते, आधी मला रागच आला, चांगला कडकडीत. सहा वर्षं मी जिवंत आहे की नाही हे विचारलं नाही, आणि आता गावात इज्जत राखायला माझं घर रचून सांगतात? माझ्या नवऱ्याच्या हातचा चहा, जो कधी प्यायलाच नाही, तो फुकटात पितात? मी तावातावानं आत्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्या भावाला सांग, खोटं बोलायचं तर स्वतःबद्दल बोला.

आत्यानं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "झालं तुहं? आता मी सांगतो थे ऐक."

आंबागडला आल्यावर बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्याला म्हणाले, सुषमाचे फोटो हायेत का तुह्या मोबाइलवर? माझ्या आईला पाठवलेला प्रत्येक फोटो आई पुढे आत्याला पाठवायची. सहा वर्षांचे सगळे होते. बाबांनी त्यातला एकही आजवर पाहिलेला नव्हता. आई दाखवायला गेली की उठून जायचे. "मंग पाहतच राहिला. जेवन झालं का चष्मा लावून बसे. हे कोन, थे कोन, ह्या भिंतीच्या मागं काय हाय, मले विचारे. मले तरी कुठं मालूम? जावई गॅसपाशी उभा हाय थो फोटो तं बोटानं मोठा करू करू पाहे. पाच-सहा दिवस भाऊ माह्याकडं नव्हता व, तुह्याकडंच होता."

फोन ठेवून मी ते जुने फोटो उघडले. मग एकेक उलगडत गेलं. झुला आमच्या जुन्या, भाड्याच्या घरात होता. ते घर सोडून दोन वर्षं झाली. तुळस आताच्या घरात आहे. समुद्र लग्नानंतर फिरायला गेलो होतो तिथला. पिवळी मांजर सासूबाईंच्या शेजाऱ्यांची. बाबांनी सहा वर्षांतल्या सगळ्या फोटोंचं मिळून एक घर केलं होतं आणि त्यात ते दहा दिवस राहून आले होते. असं घर मलेशियात कुठेच नाही. आसगावात मात्र ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या घरात सेल्वम हा जावई आहे. शेजारीपाजारी त्याचं नाव घेतात, वेडंवाकडं का होईना. हे काम मी सहा वर्षांत करू शकले नाही. बाबांनी ते एका खोट्या सफरीत केलं.

इथले लोक सणाला गावी निघाले की मोठ्या तोंडानं सांगतात, कांपुंगला चाललो. कांपुंग म्हणजे गाव. मला विचारतात, तुझं कांपुंग कोणतं? पूर्वी मी पटकन आसगाव म्हणायची. आता अडखळते. माझं एक घर इथे आहे, ज्यात मी राहते आणि जिथे माझे बाबा कधी आले नाहीत. एक तिकडे आहे, माझं बालपण गेलेलं, जिथे मी पाहुणी म्हणून जाईन. आणि एक हे तिसरं. त्याची किल्ली बाबांकडे आहे. तुमच्यापैकी जे गेले त्यांनी एकदा चौकशी करून पाहा. तुमचंही असं एखादं घर गावात कोणी बांधून ठेवलं असेल, आणि तुम्हाला पत्ताच नसेल.

मी त्यांना काहीच बोलणार नव्हते. त्यांचाच फोन आला, गेल्या रविवारी, आईच्या मोबाइलवरून पण आई जवळ नसताना. नव्या पासपोर्टचा अर्ज केला आहे म्हणाले. "गावात सांगन, दुसऱ्या खेपेले जाऊन राहिलो म्हनून." मी हसले. तेही हसले असावेत. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"सुषमा, तुले मंगलानं सांगतलं असन."

मी हो म्हटलं.

"गावाले जे सांगतलं थे राहू दे. पन मले आता खरं सांग. घर कसं हाय व तुमचं?"

समुद्र नाही, झुला नाही, अकराव्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि खिडकीतून दिसणाऱ्या बंदराच्या क्रेन. त्यातल्याच एकीवर त्या वेळी सेल्वम बसलेला होता. हे सगळं एका दमात सांगून टाकावंसं वाटलं. पण ते घाईत नव्हते. मी उठून बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि पुन्हा उघडलं, आणि उंबऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.